आठ मारुतींची गाडी

गाडी घ्यायची म्हटली की आमच्या घराण्यात विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. किती देते? पार्ट कुठे मिळतात? विकताना किती येतील? रंगाची चर्चा अगदी शेवटी, आणि तीही पांढरा की चंदेरी एवढ्यापुरतीच. गाडी दिसते कशी हे जो विचारतो, तो दुसऱ्याच्या पैशानं गाडी घेतोय असं खुशाल समजावं.

सांगली सोडून डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाच्या उपनगरात राहायला आलो, तरी हे प्रश्न सोबत आले. लिटरचे गॅलन झाले, किलोमीटरचे मैल झाले, इतकंच. त्यामुळे सोळा पूर्ण होऊन लायसन्स हातात पडल्यावर चिरंजिवांनी, "बाबा, पहिली गाडी मला जुनी मस्टँग हवी, सदुसष्टची," असं जाहीर केलं तेव्हा माझ्या तोंडून पिढीजात प्रश्न गेला, "किती देते?"

"बारा. हायवेला चौदा."

हे मैल, आणि तेही गॅलनला. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. मनात भागाकार केला. लिटरला पाच-सहा किलोमीटर. सांगलीहून मिरजेला जाऊन नुसता चहा पिऊन परत यायचं तरी साडेतीन-चार लिटर.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बातमी सांगलीला पोचली. ताई, म्हणजे मुलाची आत्या, थोडा वेळ गप्प बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सदुसष्टची? अरे, ती तर तुझ्याही आधीची! तिकडे सगळं ठीक आहे ना? पैशाची काही ओढाताण असेल तर लपवू नकोस." ही जुनी गाडी नव्या कोऱ्या गाडीच्या भावात मिळते, असं मी सांगितलं. त्यावर अडचण पैशाची नसून डोक्याची आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं विषय बदलला.

या गाड्यांना इथे मसल कार म्हणतात. कृती सोपी आहे. मध्यम आकाराची, दोन दारांची, कुणाच्याही अंगणात शोभेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं. आधी कोणी केलं यावर वाद आहेत, पण मोजणी पाँटियाक जीटीओपासून करायची प्रथा आहे. पाँटियाक ज्यांची, त्या जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही. पाँटियाकच्या जॉन डिलोरियननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो नियम नीट वाचला. गिऱ्हाईकानं वरून पैसे देऊन मागितलेल्या जादा सामानाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मग १९६४च्या टेंपेस्ट लमान्सवर ३८९ घनइंचांचं इंजिन 'जादा सामान' म्हणून मिळू लागलं. ५,००० खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. सहकारी संस्थांच्या पोटनियमांवर लहानाचा मोठा झालेल्या मला हे वाचून अमेरिका पहिल्यांदाच परकी वाटेनाशी झाली.

त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डनं न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग दाखवली. आतून फाल्कन, म्हणजे बाजारहाटाची सालस गाडी. वरून लांब नाक आणि आखूड पाठ. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्या दिवशी २२,००० मागण्या आल्या. कट्टर मंडळी मस्टँगला मसल कार मानत नाहीत, पोनी कार म्हणतात. या पंथभेदात मी पडत नाही. पेट्रोल दोन्ही पंथांत सारखंच जळतं.

हे सगळं वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींसाठी चाललं होतं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. महायुद्धानंतर जन्मलेली अफाट पिढी तेव्हा नुकती कमावू लागली होती आणि तिच्या पहिल्या पगारावर डेट्रॉइटमधल्या पोक्त माणसांची नजर होती. प्लिमथनं १९६८ साली रोड रनर काढली तेव्हा आतला साजशृंगार छाटून किंमत ३,००० डॉलरच्या आत बसवली. आणि मग कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव नि चित्र लावायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले. हॉर्नही त्याच्यासारखा, बीप बीप. टाय लावलेली माणसं एका लांब टेबलाभोवती बसून गंभीरपणे हॉर्नचे आवाज काढून बघताहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आलं की मला त्या काळाबद्दल माया वाटते.

चिरंजिवांनी आमच्यापुढे खटला मांडला तो दोन मास्तरणींच्या जोरावर. हे त्यानं हुशारीनं केलं, कारण त्याची आई रविवारी मराठी शाळेत शिकवते.

पहिली शिकागोची. वय वर्षं २२, नुकतीच शाळेत लागलेली. कामावर जायला गाडी हवी म्हणून आईवडिलांकडून पैसे उसने घेऊन ती फोर्डच्या दुकानात गेली. तिला उघड्या टपाची गाडी हवी होती, तशी समोर एकही नव्हती. विक्रेत्यानं तिला मागच्या बाजूला नेलं आणि कापडाखाली झाकलेली निळी मस्टँग दाखवली. ही १५ एप्रिल १९६४ची गोष्ट. विक्री सुरू व्हायला अजून दोन दिवस होते. तरी त्यानं ती विकली. अमेरिकेत गिऱ्हाइकाला विकलेली पहिली मस्टँग म्हणून ती आज ओळखली जाते, आणि म्हातारपणापर्यंत त्या बाईंनी ती सोडली नाही. मधली सत्तावीस वर्षं ती गॅरेजमध्ये नुसती बसून होती. नंतर त्यांच्या यजमानांनी निवृत्तीत ती पुन्हा उभी केली.

दुसऱ्या बाई न्यू जर्सीच्या. स्टीव्ह मॅक्वीन 'बुलिट' या १९६८च्या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून जी हिरवी मस्टँग उडवतो, ती एका कुटुंबानं १९७४ साली छोटी जाहिरात वाचून विकत घेतली. घरातल्या बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि ती गाडी घेऊन शाळेत जायच्या. १९७७ साली खुद्द मॅक्वीननं पत्र पाठवून गाडी परत मागितली. दिली नाही. पुढे क्लच गेला आणि गाडी वर्षानुवर्षं झाकून ठेवली गेली. जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली.

"बघ आई," चिरंजीव म्हणाले, "ती गाडी तिसरीच्या टीचर चालवायच्या."

बायकोनं कांदा चिरता चिरता विचारलं, "मॅक्वीनला नाही म्हणाल्या? बाई पक्क्या दिसतात." खटल्याला इथून वेगळं वळण लागलं, पण ते मला नंतर उमगलं.

मी अभियंता असल्यानं माझ्या मनात वेगळंच घोळत होतं. त्या बुलिटमधल्या गाडीचं इंजिन ३९० घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ६,४०० सीसी. सिलिंडर आठ. भागून पाहिलं तर एका सिलिंडरला ८०० सीसी. १९८३ साली देशाला वेड लावणाऱ्या मारुती ८००चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं. म्हणजे आमच्या गल्लीतले वकील, दंतवैद्य आणि पतपेढीचे चेअरमन ज्या गाड्यांना रविवारी पाइपनं आंघोळ घालायचे, त्या आठ गाड्यांची इंजिनं या बयेच्या एकेका नळकांड्यात मावली असती. भावाबहिणींसह आम्ही सात माणसं आणि आंब्याची पेटी एका मारुतीतून कोकणात गेलेलो आहोत. या हिशेबानं एका मस्टँगमध्ये छप्पन्न माणसं आणि आठ पेट्या जायला हव्यात. प्रत्यक्षात मागच्या सीटवर दोन माणसं बसतात, आणि त्यांना गुडघे असू नयेत अशी अपेक्षा असते.

आमच्या बजेटमध्ये ३९० बसण्यासारखी नव्हतीच. बसत होती ती २८९ घनइंची. तिचा सिलिंडर ५९२ सीसीचा, टाटांच्या नॅनोच्या इंजिनापेक्षा किंचित लहान. आठ मारुती परवडेनात म्हणून आम्ही आठ नॅनोंवर आलो.

पोटासाठी मी ब्रेकचं काम करतो. त्यामुळे या गाड्या पळतात किती यापेक्षा थांबतात कशा याचीच मला काळजी. एकदा कागद काढून बसलो. १९६६पर्यंतच्या मस्टँगला ब्रेक ऑइलची एकच लाइन. ती फुटली की चारही चाकं मोकळी. दोन स्वतंत्र लाइनी आल्या सदुसष्टपासून. बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम, जे एका उतारावर उत्तम लागतात आणि लागोपाठच्या तिसऱ्या उतारावर तापून पाठ दाखवतात. खांद्यावरून येणारा पट्टा १९६८पासून सक्तीचा, डोक्यामागची उशी १९६९पासून. आणि पेट्रोलची टाकी अशी बसवलेली की तिची वरची बाजू हीच डिकीची जमीन. सामान ठेवायचं ते टाकीच्या डोक्यावर. मी हे सगळं लाल शाईनं लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. चिरंजिवांनी त्याखाली काळ्या शाईनं एक ओळ लिहिली: पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचं किट मिळतं, बाबा घरीच बसवू शकतील. वकिलीत जाईल पोरगं.

त्याचं म्हणणं खरं होतं. पार्ट कुठे मिळतात या आमच्या घराण्याच्या दुसऱ्या प्रश्नावर मस्टँगचं उत्तर बिनतोड आहे. जुन्या मस्टँगचा स्क्रू, काच, सीटचं कापड, इतकंच काय, नवा कोरा अख्खा सांगाडासुद्धा आज विकत मिळतो. माझ्या तीन वर्षं जुन्या गाडीच्या आरशासाठी मी याहून जास्त थांबलेलो आहे.

मग गाड्या पाहणं सुरू झालं. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मीठ पत्रा खातं. म्हणून इथल्या विकणाऱ्याचं पहिलं वाक्य, "गाडी ॲरिझोनाची आहे." आपल्याकडे जशी प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची आणि एकहाती वापरलेली असते, तशी इथली प्रत्येक जुनी गाडी वाळवंटातून आलेली असते. चिरंजीव खिशात फ्रिजवरचा लोहचुंबक घेऊन यायचे. रुमालात गुंडाळलेला तो चुंबक चाकांवरच्या कमानींवर, दाराच्या खालच्या कडेवर फिरवायचा. चिकटला तर पत्रा, घसरला तर आत लांबी भरलेली. एका गाडीवर चुंबक कुठे चिकटतोय ते शोधावं लागलं. ती गाडी बहुधा रंग आणि श्रद्धा यांवर उभी होती.

दुसरी परीक्षा पाण्याची. काचेखालच्या जाळीतून तांब्याभर पाणी ओतायचं आणि आत वाकून पायांपाशी थेंब पडतात का बघायचं. जाळीखालचा पत्रा आतून गंजलेला असला तर वरून दिसत नाही, आणि दुरुस्तीला अर्धी गाडी उकलावी लागते. आम्ही खरोखरच घरून तांब्या नेला होता. इथले लोक बागेचा पाइप वापरतात.

तिसरी परीक्षा नंबराची. या काळातल्या मस्टँगचा चासी नंबर वाचता येतो: पहिला आकडा साल, मग कारखान्याचं अक्षर, दोन आकडे बांध्याचे, आणि पाचव्या जागी इंजिन. ७ म्हणजे सदुसष्ट, एफ म्हणजे डिअरबॉर्न, सी म्हणजे २८९. विकणारा काहीही सांगो, पाचवं अक्षर खोटं बोलत नाही. बाकी खोट्याला इथेही तोटा नाही; साध्या गाड्यांवर भारी गाड्यांची नावं नि पट्टे चढवून विकायचा धंदा जोरात आहे. लग्नात काय गोत्रं तपासत असतील इतक्या बारकाईनं हा मुलगा इंजिनावरचे छाप तपासायचा. घरी मात्र त्याला कपाटातला स्वतःचा मोजा सापडत नाही.

अखेर पाँटियाक गावाच्या बाजूला एका वृद्ध गृहस्थाकडे जरा आश्वासक गाडी निघाली. गडद हिरवी, बेताची, पट्टेबिट्टे नसलेली. तांब्याची परीक्षा पास. त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली आणि स्वतः खुर्चीत बसून बघत राहिले. मुलानं किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला, सोडला, दाबला. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पेट्रोलचा वास सुटला. त्यानं आणखी दाबला.

त्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं कार्बोरेटर पाहिलेला नव्हता. बटण दाबलं की गाडी चालू होते, हा त्याच्या लेखी निसर्गनियम. मी मात्र त्या वासानं एकदम खडबडून जागा झालो. माझी अख्खी तारुण्यपिटिका-वर्षं चेतक स्कूटर तिरकी करून सरळ करण्यात गेलेली आहेत. चोक कधी ओढायचा, ओव्हरफ्लो झालं की पेट्रोल बंद करून किका कशा मारायच्या, प्लग काढून पँटीला कसा पुसायचा, या विद्येत मी पारंगत होतो, आणि अमेरिकेत तिला आजवर कोणी काडीची किंमत दिली नव्हती. मी खिडकीतून डोकं घालून म्हटलं, "पंप करू नकोस. ओव्हरफ्लो झालंय. पाय तळापर्यंत दाबून तसाच धर, आणि स्टार्टर मार." चार-दोन घरघरी झाल्या आणि आठही नॅनो एकदम चालू झाल्या.

तो आवाज ऐकू येण्याआधी पोटात लागतो. म्हातारबुवांनी खुर्चीतूनच माझ्याकडे बघून मान डोलावली. चिरंजिवांनीही बघितलं. घरात वायफायचा पासवर्ड विचारणारा माणूस म्हणून माझी जी ओळख होती, तिच्यात त्या दिवशी थोडी भर पडली असावी.

आता इन्शुरन्स. एजंटला मी मुलाचं वय सांगितलं, गाडीचं साल सांगितलं. पलीकडे शांतता पसरली, मग त्यानं आकडा सांगितला. तो आकडा मी ताईला अजून कळवलेला नाही. तेव्हा मला या गाड्यांचा अंत कसा झाला हे आतून समजलं. १९७०च्या आसपास विमा कंपन्यांनी तरुण पोरं आणि मोठी इंजिनं यांची बेरीज करून हप्ते असे चढवले की काहींना गाडीच्या हप्त्यापेक्षा विम्याचा हप्ता जड झाला. त्यात धुराचे कायदे आले, शिसं काढलेलं पेट्रोल आलं, इंजिनं मवाळ झाली. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा मारायला फारसं काही उरलंच नव्हतं. १९७४ची मस्टँग आली तीत आठ सिलिंडरचं इंजिन मागूनही मिळत नव्हतं.

जुन्या गाड्यांसाठी एक वेगळी, स्वस्त पॉलिसी असते म्हणे. अटी वाचल्या. गाडी कुलूपबंद गॅरेजमध्ये हवी. रोज कामाला न्यायची नाही. घरातल्या प्रत्येक चालकाकडे रोजच्यासाठी दुसरी गाडी हवी. आणि चालवणारा बरीच वर्षं चालवत आलेला हवा. थोडक्यात, ज्याला ही गाडी चालवायची घाई आहे त्याला ती चालवता येणार नाही. सरकारी नंबरप्लेटची तऱ्हाही तीच. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला मिशिगन राज्य स्वस्तात ऐतिहासिक प्लेट देतं, पण मग ती फक्त प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम यांनाच न्यायची. सूट एकाच महिन्याची: ऑगस्टमध्ये कुठेही फिरा. ऑगस्ट म्हणजे बहुधा आपला श्रावण. लोक ज्या महिन्यात सोडतात, त्यात ही गाडी रस्ता धरते.

याच महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. वुडवर्ड म्हणजे डेट्रॉइटच्या नदीकाठापासून थेट पाँटियाकपर्यंतचा रस्ता. देशातला पहिला मैलभर काँक्रीटचा रस्ता १९०९ साली याच्यावरच झाला. साठच्या दशकात इथे सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या. आता त्याच कडेला घडीच्या खुर्च्या टाकून, गुडघ्यांवर मलम चोळून, सत्तरीचे गृहस्थ स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून बसलेले असतात. त्यांच्यातल्या कितीजणांना ही गाडी विशीत हवी होती आणि साठीत मिळाली, हे विचारायची सोय नाही; पण चेहऱ्यांवर दिसतं. पोरांसाठी केलेली वस्तू पोरं म्हातारी झाल्यावर पोचली. म्हणून माझं आता असं मत झालंय की या वेडाला योग्य वय सोळाच. बाकी सगळे उशिरा आलेले. हे मत मी मुलासमोर मांडत नाही.

शेवटी घरात तह झाला. मुलाला शाळेत जायला जुनी, चंदेरी, इमानी करोला. हिरवी मस्टँग आली, पण पॉलिसी आईच्या नावावर, कारण आमच्यात तिचंच रेकॉर्ड इतकं स्वच्छ की एजंटनं दोनदा तपासून घेतलं. पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक मी आणि मुलानं गॅरेजमध्ये बसवले. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त रविवार गेले आणि मला ते गेल्याचं वाईट वाटलं नाही. ऑगस्टमध्ये मराठी शाळेला सुट्टी असते, त्यामुळे न्यू जर्सीच्या बाईंसारखं वर्गापर्यंत गाडी नेणं काही बायकोला जमायचं नाही. म्हणून ती वाणसामानाला जाते, वुडवर्डवरून, लांबच्या वाटेनं. पोहे इतक्या वेळा संपू शकतात याची मला कल्पना नव्हती.

परवा चिरंजिवांनी विचारलं, "आई, मला कधी देणार चालवायला?"

"पंचविसावं लागलं की."

"पण इन्शुरन्सवाले म्हणाले, त्याआधीसुद्धा होऊ शकेल."

"त्यांचं होईल रे," ती किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाली, "मी माझं सांगतेय."